सर्वांना पाठवले आहे

मोखाडा तालुक्यातले सगळे ग्रामसेवक मला पहिल्यांदा ओळखू लागले ते माझ्या मूळव्याधीमुळे. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. एका सोमवारी मला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून साहेबांना ईमेलने रजेचा अर्ज पाठवला. 'प्रकृती बरी नाही' एवढ्यावर भागलं असतं. पण काही लपवलं तर मला रात्री झोप येत नाही, त्यामुळे दुखणं कोणतं, किती दिवसांचं आणि कोणत्या वेळी जास्त होतं हे सगळं सविस्तर लिहिलं. पत्त्याच्या जागी पहिलं अक्षर टाकल्यावर कॉम्प्युटरने खाली दोन नावं दाखवली, 'साहेब' आणि 'सर्व ग्रामपंचायती'. घाईत मी खालचं दाबलं.

पुढचा महिनाभर कार्यालयात येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या खुर्चीकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. "बसवतंय ना आता?" असं कुणी मायेने विचारायचं, कुणी दारातूनच ओरडायचं. सूर्यमाळच्या बाजूच्या एका ग्रामपंचायतीच्या भोये भाऊसाहेबांनी मात्र काहीच विचारलं नाही. ग्रामसेवकाला आमच्याकडे लोक भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी जीपवाल्याच्या हाती वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मुळी पाठवली. सोबत चिठ्ठी होती : 'उगाळून ताकातून घ्यावी. तिखट बंद करावे. ईमेलला उत्तर कसे देतात ते मला येत नाही, म्हणून चिठ्ठी.'

मुळी घेतली. गुण आला. याच माणसाचं मी पुढे काय केलं, ते सांगण्यासाठी हे लिहायला बसलो आहे. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले चार रंजक अनुभव मागितले होते. चार नाहीत. हा एकच आहे आणि तो रंजक आहे की नाही ते माझं मला ठरवता येत नाही.

मी मूळचा जामसरचा, भातशेतीवाल्यांच्या घरातला. घरात नोकरीला लागलेला पहिलाच. काम टपालाचं : आलेलं पत्र आवक वहीत लिहायचं, गेलेलं जावक वहीत. सुरुवातीला जव्हारला होतो. तेव्हा दाभोसा गावचं पत्र शिपाई घेऊन जायचा आणि परत येताना ज्याला दिलं त्याची सही आणायचा. सही नसेल तर पत्र गेलं असं धरत नसत. पुढे मोखाड्याला बदली झाली, घर जव्हारलाच राहिलं. ज्या कार्यालयात मी आहे त्याचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीत चूक कार्यालयाची नाही. चूक माझी आहे, आणि ती मला कुणाबरोबर वाटून घ्यायची नाही.

मोखाड्यात येईपर्यंत टपाल ईमेलवर गेलं होतं. प्रत्येक ग्रामपंचायतीला ईमेलचा पत्ता असलाच पाहिजे, असा आदेश आला होता. तेव्हा लांबच्या सात गावांचे ग्रामसेवक बाजारातल्या दिलीपच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "आमचं काहीतरी टाका." दिलीपने सातही जणांच्या नावापुढे आपल्या दुकानाचाच पत्ता टाकून दिला.

वाचणाऱ्याला हसू येईल, पण ही व्यवस्था छान चालत होती. आमचं पत्र दिलीपच्या कॉम्प्युटरवर यायचं. तो त्याच्या सात प्रती छापायचा, प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल पेनने गावाचं नाव लिहायचा आणि त्या त्या लाइनच्या जीपवाल्याच्या हातात द्यायचा. जीपवाला गावात अंगणवाडीत नाहीतर किराणा दुकानात ठेवायचा. पत्र त्याच दिवशी पोचायचं. पोचलं नाही तर जीपवाला दुसऱ्या दिवशी सांगायचा, "भाऊसाहेब नव्हता, बाईजवळ दिलंय."

मग मी पालघरला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेलो. तिथून एक प्रमाणपत्र आणि पुष्कळसा आत्मविश्वास घेऊन परतलो. परतल्यावर पहिल्यांदा माझ्या डोळ्यात खुपला तो दिलीप. सरकारी पत्र खासगी दुकानात छापलं जातं म्हणजे काय? मी सातही ग्रामसेवकांना बोलावलं, प्रत्येकाचं स्वतंत्र ईमेल खातं उघडलं आणि ते त्यांच्या मोबाइलवर चालू करून दिलं. भोये भाऊसाहेबांनी मोबाइल दोन्ही हातांत धरून विचारलं, "म्हणजे आता जीपची वाट बघायची नाही?"

"नाही. मी इथे बटण दाबलं की तुमच्या खिशात."

"खिशात रेंज नसते, विलासभाऊ. टेकडीवर चढलं तर येते."

"मग दिवसातून एकदा चढायचं."

ते रोज चढत होते. हे मला नंतर कळलं.

त्याच दिवशी मी दिलीपकडे गेलो. तो कुणाचे तरी दाखले छापत होता.

"दिलीपशेठ, उद्यापासून आमची पत्रं छापायची नाहीत. आता सगळ्यांना थेट जाणार."

"बरं झालं. माझ्याकडे यायची बंद होतील ना?"

"होतील."

"आणि आलीच तर?"

"आली तरी छापायची नाहीत. नियमात बसत नाही ते." हे मी जरा मोठ्यानेच म्हणालो. दुकानात गिऱ्हाईक होतं.

दिलीपने लाल पेनचं टोपण लावलं आणि पेन खणात टाकलं.

आता थोडं माझ्या धंद्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ईमेलच्या प्रोग्राममध्ये एक नावांची वही असते. तीत प्रत्येक माणसाचं एक पान : नाव, गाव, ईमेलचा पत्ता. अठ्ठावीस जणांना एकच पत्र पाठवायचं तर दर वेळी अठ्ठावीस नावं लिहायची नसतात. त्यांचा एक गट करून ठेवायचा आणि गटाला नाव द्यायचं. आमच्या गटाचं नाव 'सर्व ग्रामपंचायती'. गटाला पत्र पाठवलं की सगळ्यांना जातं.

माझी समजूत अशी होती की गटात फक्त नावं असतात. पत्र निघताना प्रोग्राम प्रत्येक नावाचं पान उघडतो, आजचा पत्ता बघतो आणि तिकडे जातो. आमच्याकडे लग्नाचं आवतण द्यायला माणूस फिरतो ना, तसंच. त्याला फक्त नाव सांगायचं. माणूस दुसऱ्या पाड्यावर राहायला गेला असेल तर तो विचारत विचारत तिथे पोचतो.

म्हणून मी सातही पानांवर दिलीपचा पत्ता खोडून नवे पत्ते लिहिले. मग गट उघडून नावं मोजली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. समाधान वाटलं. त्या संध्याकाळी जव्हारला घरी जाताना मी जीपमध्ये शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगितलं की तालुका आता ऑनलाइन झाला.

उन्हाळा आला. सूर्यमाळच्या अंगाला पाऊस धो धो पडतो आणि तो सगळा उतारावरून निघून जातो. होळीनंतर विहिरी तळाला लागतात. टँकर लावायचा तर ग्रामपंचायतीने ठराव करून विहित नमुन्यात मागणी द्यावी लागते. ती आल्याशिवाय पुढे काही हलत नाही. मी नमुना जोडून गटाला पत्र पाठवलं, शेवटची तारीख ठळक अक्षरात.

चार दिवसांनी आमच्या व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, गुलाबाच्या फुलांच्या आणि शुभ सकाळच्या मधोमध, भोये भाऊसाहेबांचा मेसेज आला : 'टँकरचा नमुना कधी येणार?'

मी उत्तर दिलं : 'ईमेलने सर्वांना पाठवले आहे. कृपया ईमेल पाहावा.'

दोन दिवसांनी पुन्हा : 'सर, पाहिला. आला नाही.'

मी आधीचंच उत्तर उचलून परत चिकटवलं. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी अंगठ्याचं पाठवलं.

कुणी म्हणेल, साध्या कागदावर मागणी लिहून आणायची होती. आदल्या वर्षी त्यांनी तसंच केलं होतं. वहीच्या रेघी कागदावर, सुवाच्य अक्षरात. तो कागद मीच परत केला होता. 'विहित नमुन्यातच आणा. नमुना आमच्याकडून येईल, आल्याशिवाय भरू नका.' या वर्षी ते माझं ऐकत होते.

आधी दिलीपच्या पत्त्यावर असलेल्या बाकी सहा गावांनी शेजारच्या ग्रामपंचायतीकडून नमुन्याची नक्कल करून घेतली आणि मागणी दिली. म्हणून कुणाला काही संशय आला नाही. शेवटची तारीख उलटली. मी गोषवारा तयार केला, म्हणजे गावागावांची एक उभी यादी. ज्यांची मागणी आली त्यांच्यापुढे पाड्यांची नावं. ज्यांची आली नाही त्यांच्यापुढे एकच शब्द लिहायची आमची पद्धत आहे : निरंक. म्हणजे काही नाही. गरज नाही, टंचाई नाही, प्रश्न नाही. भोये भाऊसाहेबांच्या ग्रामपंचायतीपुढे मी निरंक लिहिलं. माझं टायपिंग चांगलं आहे, फारसा वेळ लागला नाही.

बाकी गावांचे टँकर सुरू झाल्यावर अठराव्या दिवशी भोये भाऊसाहेबांच्या हद्दीतल्या करवंदपाड्याच्या दहा-बारा बाया जीप करून कार्यालयात आल्या. पुढे एक वयस्क बाई होती, सोमीबाई. तिने डोक्यावरचा हंडा उतरवून माझ्या टेबलावर, आवक वहीवरच ठेवला.

"हा लिही," ती म्हणाली. त्या बाजूला साहेबालाही तूच म्हणतात, माझी काय कथा.

"काय लिहू, मावशी?"

"तुझ्या बुकात लिही. करवंदपाड्याचा हंडा आला. रिकामा आला."

मी तिला समजावू लागलो. मला समजावण्याची फार हौस आहे. "मावशी, तुमच्याकडून मागणीच आली नाही. इथे बघा, निरंक आहे."

"ते काय रं?"

"म्हणजे... काही नाही."

"काय नाय कसं? आमी तं हाय ना?" मग मागच्या बायांकडे वळून, "ए, हा सांगतो आपुन नाय."

बाया हसल्या. मीही हसलो. त्याची लाज अजून वाटते.

बायांचा आवाज ऐकून साहेब बाहेर आले. तिसऱ्या दिवशी करवंदपाड्याला टँकर मंजूर झाला. आणि मागणी वेळेत न दिल्याबद्दल भोये भाऊसाहेबांना कारणे दाखवा नोटीस काढायचं ठरलं. ती मीच टाइप केली. नोटीस एकट्यालाच असते, ती गटाला पाठवत नाहीत. पत्त्याच्या जागी मी त्यांचं नाव लिहिलं आणि बटण दाबलं.

तासाभरात त्यांचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज, म्हणजे टेकडीवरून.

"विलासभाऊ, नोटीस आली हो. काय लिहायचं असतं उत्तरात?"

"लिहा, नजरचुकीने ईमेल पाहण्याचे राहून गेले. यापुढे दक्षता घेईन."

"पण मी तर रोज बघत होतो."

"भाऊसाहेब, सर्वांना पाठवलंय. सत्तावीस जणांना मिळतं आणि तुम्हालाच मिळत नाही, असं कसं होईल?"

"बरं. तुम्ही म्हणता तर तसं झालं असेल. लिहितो."

त्यांनी माझा मजकूर जसाच्या तसा उतरवून दिला. खुलासा मान्य झाला नाही. सक्त ताकीद मिळाली आणि तिची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात गेली. नोकरीतल्या माणसाचं ते चरित्र असतं. तेवीस वर्षांच्या त्यांच्या पुस्तकातली ती पहिली ताकीद. ती नोंदही माझ्याच अक्षरात आहे.

ताकीद घेतल्याची सही करायला ते आले तेव्हा मी चहा मागवला. चहा पिता पिता त्यांनी मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

"हे बघा. ही नोटीस आली. ही ताकीद आली. माझ्या एकट्याच्या नावाने जे पाठवता ते येतं. पाण्याचंच तेवढं कसं नाही आलं?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. जाणत्या माणसाला विचारावं तसं ते विचारत होते.

"रेंजचं असेल काहीतरी," मी म्हणालो.

"हां, असेल," असं म्हणून ते जीप गाठायला गेले. मी गट उघडला. नाव जागेवर होतं. पहिल्यांदाच त्या नावावर क्लिक करून आत गेलो. आत दिलीपच्या दुकानाचा पत्ता होता.

मग सातही नावं उघडली. सातांच्या आत दिलीप.

तेव्हा कळलं ते असं. काही प्रोग्राम पत्र निघताना खरंच त्या माणसाचं पान उघडून आजचा पत्ता बघतात. आमच्या कार्यालयातला तसा नव्हता. गट केला त्या दिवशी त्या पानावर जो पत्ता होता तो त्याने गटात उतरवून घेतला आणि गाठ मारून ठेवली. नंतर मी पानावर काहीही बदललं तरी ते गटाला कुणी सांगत नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. नुसतं नाव लिहून एकट्याला पाठवलं की पत्ता पानावरून घेतला जायचा. गटाला पाठवलं की गटातला जुना. म्हणून पाण्याचं पत्र बाजारातल्या दुकानात गेलं आणि नोटीस थेट टेकडीवर.

माझा आवतण देणारा माणूस जुन्याच घराला जात होता आणि बंद दाराला सांगून परत येत होता. आणि मी जावक वहीत 'पाठवले' असं लिहीत होतो.

मी चपला घातल्या आणि बाजारात गेलो. दिलीपने मला बघून कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. जणू तो वाटच बघत होता.

"आलात? हे बघा, सगळी आहेत. एकही पुसलं नाही."

आमच्या कार्यालयाची पत्रं ओळीने होती. टँकरच्या नमुन्याचंही.

"मग सांगितलं का नाहीस रे?"

"छापू नको, म्हणालात ना. टँकरचं आलं तेव्हा मनात आलं होतं, एक प्रत काढून सूर्यमाळच्या जीपला देऊ. पेन पण काढलं होतं. पण तुमचा आवाज त्या दिवशी जरा मोठा होता. म्हटलं, यांना जास्त कळतं."

मी दुकानातून निघालो तो सरळ साहेबांकडे जाऊन सगळं सांगायचं असं ठरवूनच. मग आठ दिवस गप्प राहिलो.

गप्प म्हणजे रिकामा नव्हतो. सातही पत्ते दुरुस्त केले. टँकरच्या रोजच्या अहवालात करवंदपाड्याचं नाव सगळ्यात वर घातलं, जणू त्यामुळे तिथे पाणी जास्त पडणार होतं. गुरुवारचा उपास धरला. व्हॉट्सअॅपवर भोये भाऊसाहेबांनी टाकलेल्या प्रत्येक शुभ सकाळला मी उत्तर देऊ लागलो. त्यांच्या सेवापुस्तकातली ताकीद होती तिथेच होती. आणि ताकिदीखाली त्यांचा खुलासा होता, 'नजरचुकीने', तो मी सांगितलेला.

घरी मला धड बसवेना, जेवण जाईना. बायकोने दोन दिवस बघितलं आणि विचारलं, "तुमचं ते परत सुरू झालं का?"

मी हो म्हणालो. ते सोपं होतं. तिने त्या दिवसापासून माझं तिखट बंद केलं. पाच दिवस मी बिनतिखटाचं जेवलो. सहाव्या दिवशी पानावर बसून सगळं सांगून टाकलं, दिलीपपासून ताकिदीपर्यंत. ती वाढायची थांबली.

"म्हणजे त्या मुळीवाल्यांना?" तिने विचारलं.

"हो."

"मग आता परत झालं तर मुळी कुणाकडे मागणार तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टिपणी लिहून साहेबांपुढे ठेवली. त्यांनी वाचली आणि चष्मा काढला.

"विलासराव, तोंडी सांगितलं असतंत तरी चाललं असतं. टँकर सुरू आहे, फाइल बंद आहे."

"साहेब, ताकीद त्यांच्या पुस्तकात आहे."

"तिथून काढायची तर कुणाच्या तरी पुस्तकात घालावी लागेल."

"माझ्या घाला."

"बसा."

"नको."

"अजून बसवत नाही का तुम्हाला?" साहेबांनी काळजीने विचारलं. मूळव्याध त्यांनाही गटाला गेलेल्या त्या अर्जामुळेच कळली होती, येणाऱ्या-जाणाऱ्या ग्रामसेवकांकडून.

ताकीद माझ्या नावावर आली. ती नोंद मी लिहायला घेतली होती, पण साहेबांनी दुसऱ्या लिपिकाला लिहायला लावली. मग मी सगळ्या ग्रामपंचायतींना पत्र काढलं. विषय : ईमेल न पोहोचल्याबाबत खुलासा. त्यात स्पष्ट लिहिलं की भोये यांची कोणतीही चूक नव्हती, त्यांना पत्र पोचलंच नव्हतं, त्यांनी दोनदा विचारूनही मी तपासलं नाही, आणि त्यांच्या खुलाशातला 'नजरचुकीने' हा शब्द माझा आहे. पाठवण्याआधी अठ्ठावीस नावांवर एकेक करून क्लिक केलं. आतला पत्ता बघितला. मग खाली एकोणतिसावा पत्ता हाताने लिहिला, दिलीपच्या दुकानाचा.

पाच मिनिटांत दिलीपचा फोन. "हे पण छापायचं नाही का?"

"छापा."

"किती?"

"एक. सूर्यमाळच्या जीपला द्या."

"कोपऱ्यात गावाचं नाव लिहू?"

"लिहा. लाल पेनने."

जीपवाल्याने तो कागद वाटेत थांबून उतारूंना मोठ्याने वाचून दाखवला, हे मला त्याच्याचकडून कळलं. दोन दिवसांनी भोये भाऊसाहेबांचा फोन आला. ईमेल मिळाला, कागदही मिळाला, कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला आहे, असं म्हणाले. ताकिदीबद्दल एक शब्द नाही. शेवटी म्हणाले, "रविवारी या एकदा. पाड्यावर तुम्हाला बघायचं म्हणतात."

रविवारी गेलो. माझा कागद फळ्यावर चार टाचण्यांनी नीट ताणून लावला होता, लसीकरणाच्या सूचनेच्या वर. माझं नाव लांबूनही वाचता येत होतं. भोये भाऊसाहेब मला करवंदपाड्यावर घेऊन गेले. विहिरीच्या कठड्याजवळ सोमीबाई उभी होती.

"ह्यो कां तो कागदावला?"

"हो, मावशी. तुम्ही यांच्याच टेबलावर हंडा ठेवला होता," भोये म्हणाले.

"तवा खुर्चीत होता. उभा बघला नाय." तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी माफी मागायला तोंड उघडलं. वाटेत चार वाक्यं तयार केली होती. ती म्हणाली, "आज टँकर नाय. दिवसाआड येतो. चल."

हंडा तिने माझ्या हातात दिला.

टँकर येण्याआधी त्या बाया जिथून पाणी आणत होत्या तो झिरा खाली ओहळात होता. उतरायला पाऊण तास. दगडाच्या बेचक्यात पाणी जमतं ते वाटीने काढायचं, परत जमेपर्यंत थांबायचं. सोमीबाईने वाटी हातात दिली आणि सावलीत बसून राहिली. हंडा भरला. तो डोक्यावर ठेवायचा प्रयत्न करून बघितला, जमलं नाही. म्हणून खांद्यावर घेतला. चढताना दर वीस पावलांवर थांबलो. प्रत्येक वेळी थोडं पाणी कानात गेलं, थोडं शर्टात, बाकी वाटेवर. दोन लहान पोरी आपापल्या कळशा डोक्यावर घेऊन मला मागे टाकून गप्पा मारत गेल्या.

वर पोचलो आणि हंडा सोमीबाईच्या ओट्यावर टेकवला. तिने आत वाकून बघितलं. अर्धाही नव्हता.

"खाली पूर्ण भरला होता, मावशी," मी म्हणालो. म्हणताना माझं मलाच ऐकू आलं. सर्वांना पाठवले आहे. कृपया ईमेल पाहावा.

सोमीबाईने ते पाणी माठात ओतलं, शेवटचा थेंब निथळेपर्यंत हंडा पालथा धरला आणि परत माझ्यापुढे केला.

"आजून दोन खेपा."

मी भोये भाऊसाहेबांकडे बघितलं. ते ओट्याच्या कडेला बसले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते हसत होते.

"जाऊन या, विलासभाऊ," ते म्हणाले. "मी तोवर मुळी काढून ठेवतो. लागेल तुम्हाला."

मी हंडा घेतला आणि खाली निघालो.